विकलेलं कार्ड आणि तुटलेला मित्र

ताई,
प्रश्न लहान वाटेल, पण गेला महिनाभर माझं डोकं त्यातच अडकलंय. मी 23 वर्षांचा आहे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकत घेऊन खेळायच्या ऑनलाइन दुकानावर, गेम खेळतो आणि खेळताना मिळणारी डिजिटल ट्रेडिंग कार्डं जमवतो. माझा एक मित्र आहे, ओळख गेममुळेच झाली. चार वर्षांत प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, पण जवळपास रोज बोलायचो. एक मोठा गेम आम्ही दोघांनी मिळून शेवटपर्यंत नेला. तो संपला त्या दिवशी त्याला त्याच गेमचं एक फॉइल, म्हणजे क्वचितच मिळणारं, कार्ड मिळालं. त्यावर माझं आवडतं पात्र होतं म्हणून त्याने ते मला देऊन टाकलं. बदल्यात काही घेतलं नाही.

मागच्या सेलमध्ये मला एक गेम घ्यायचा होता आणि वॉलेटमध्ये थोडे पैसे कमी पडत होते. मी साठलेली कार्डं स्टीमच्याच मार्केटवर एकदम विकायला काढली, त्यात तेही गेलं. त्याने माझी इन्व्हेंटरी, म्हणजे माझ्या खात्यातल्या वस्तूंची यादी, पाहिली असावी. 'विकलंस?' एवढंच विचारलं. मी म्हणालो, 'अरे, चित्रच आहे ते, मार्केटमध्ये दुसरं मिळेल.' दुसऱ्या दिवशी त्याने मला फ्रेंड लिस्टमधून काढलं. चॅटच्या दुसऱ्या अ‍ॅपवर अजून ब्लॉक केलेलं नाही, पण बोलत नाही.

तेच कार्ड परत विकत घेऊन त्याला पाठवून द्यावं असं मनात आहे. किंमत मात्र चढली आहे. एका अनोळखी माणसाने मला अ‍ॅड करून सांगितलं की त्याच्याकडे ते कार्ड आहे आणि चार साध्या कार्डांवर तो ते देईल. त्याने एक लिंक पाठवली आहे, तिथे स्टीमने लॉगिन करायला सांगतोय. अजून केलेलं नाही. करू का? आणि गेले काही महिने कार्डं लवकर मिळावीत म्हणून एका प्रोग्रॅमने रात्रभर गेम चालू ठेवतो, त्यात काही वावगं नाही ना? मुख्य म्हणजे, माझं खरंच चुकलं का? कार्ड माझंच होतं.
— गोंधळलेला खेळाडू

प्रिय खेळाडू,

आधी त्या लिंकचं बोलू, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. तिथे लॉगिन करू नकोस. त्या माणसाला उत्तरही देऊ नकोस. त्याला रिपोर्ट कर आणि ब्लॉक कर.

स्टीमवरची देवाणघेवाण स्टीमच्या आतच होते. समोरचा ट्रेड ऑफर पाठवतो, एका बाजूला तुझ्या वस्तू आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या दिसतात, तू मान्यता देतोस आणि तुझ्याकडून काही जात असेल तर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पुन्हा एकदा होकार देतोस. या सगळ्यात कुठेही परक्या साइटवर जाऊन नाव आणि पासवर्ड टाकायची गरज पडत नाही. ज्याच्याकडे खरंच कार्ड आहे तो ऑफर पाठवून मोकळा होईल. 'ट्रेड जमतो का ते आधी तपासू' म्हणून लिंक देणाऱ्याला तुझं खातं हवं असतं.

ही फसवणूक किती बेमालूम असते ते सांगते, म्हणजे 'मला कळलं असतं' असं वाटणार नाही. बनावट साइटवर 'स्टीमने साइन इन करा' दाबलं की एक छोटी खिडकी उघडते. वर स्टीमचा अचूक पत्ता, शेजारी कुलपाचं चिन्ह, सगळं जिथल्या तिथे. पण ती खिडकी खरी नसते, त्या पानातच काढलेली असते, पत्त्याची पट्टीसुद्धा. माउसने धरून ती ब्राउझरच्या बाहेर ओढून बघ. खरी असेल तर बाहेर येईल. खोटी असेल तर पानाच्या कडेला अडकून बसेल. ही युक्ती कामाची आहे, पण फोनवर चालत नाही. तेव्हा मुळात अशा लिंकवर न जाणंच बरं.

समज, तू तिथे पासवर्ड आणि कोड टाकलास किंवा तिथला क्यूआर कोड फोनने स्कॅन केलास. लगेच काही होत नाही आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. चोर तुझ्या खात्यात गुपचूप शिरून बसतो आणि काही वेळा तिथे एक वेब एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला तुझे ट्रेड हाताळू देणारी चावी, तयार करून ठेवतो. पुढे तू कधीतरी खऱ्या मित्राशी मोठा ट्रेड करायला जातोस. तो ऑफर चोराचा प्रोग्रॅम क्षणात रद्द करतो आणि त्या मित्राचंच नाव, त्याचाच फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्यावरून तसाच ऑफर समोर येतो. तू फोनवर होकार देतोस आणि वस्तू भलतीकडे जातात. म्हणून होकार देण्याआधी समोरच्याचं प्रोफाइल उघडून त्याची लेव्हल आणि खातं कधीचं आहे ते बघायची सवय लाव. मित्राचं चार वर्षांचं खातं अचानक कालचं दिसलं तर तिथेच थांब.

'अजून केलेलं नाही' असं तू लिहिलंयस, त्यावर माझा विश्वास आहे. पण पत्र पाठवल्यानंतर मोहापायी केलं असशील तर लाजू नकोस. स्टीमच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच पासवर्ड बदल, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट कर आणि एपीआय कीचं पान उघडून तिथे काही असेल तर काढून टाक. साध्या खेळाडूला त्या कीचं कामच नसतं. हे आजच कर, कारण हाती लागलेल्या खात्यावरून तीच लिंक तुझ्या यादीतल्या सगळ्यांना जाते आणि तुझ्या नावावर विश्वास ठेवून आणखी कुणीतरी अडकतो.

आता कार्डाकडे वळू. ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर एका चित्रावरून एवढं काय, असं त्यांना वाटेल. व्हॉल्व्ह कंपनीने स्टीमवर ही कार्डं 2013 साली आणली. एका गेमच्या सेटमध्ये 5 ते 15 कार्डं असतात आणि खेळताना त्यातली साधारण निम्मीच मिळतात, तीही कुठली मिळतील याचा नेम नाही. उरलेली मित्रांशी बदलून घ्यायची, मार्केटमधून विकत घ्यायची, नाहीतर तीन कार्डांचं बूस्टर पॅक नशिबाने कधी येईल याची वाट बघायची. सेट पूर्ण झाला की त्याचा बॅज, म्हणजे प्रोफाइलवर दिसणारा बिल्ला, बनवता येतो. त्याचे 100 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात, लेव्हल वाढते आणि ती कार्डं कायमची जातात. फॉइल कार्ड हे साध्या कार्डाच्या जागी क्वचित येणारं, चमकत्या किनारीचं. फॉइल बॅज हवा असेल तर सेटमधलं प्रत्येक कार्ड फॉइलच लागतं.

म्हणजे एकट्याने नुसतं खेळून सेट पूर्ण होऊच नये अशीच याची रचना आहे. कार्डं हातातून हातात जावीत म्हणूनच निम्मी राखून ठेवलेली आहेत. त्यामुळे 'कोणी कोणाला काय दिलं' हा या छंदाचा गाभाच आहे, आणि तुझ्या मित्राला लागलेलं मी मुळीच पोरकट मानत नाही.

तू विचारलंस, माझं चुकलं का. नियमाने बघितलं तर नाही. दिलेली वस्तू तुझी झाली, ती ठेवायची, बदलायची की विकायची हे तू ठरवणार. कार्डं विकून गेम घेणं हाही चांगला उपयोग आहे, मी स्वतः त्याची शिफारस करते. अनेकजण पुढेमागे बॅज करू म्हणून शेकडो कार्डं नुसती साठवून ठेवतात, त्यापेक्षा हे बरं. पैशांचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून कर. मार्केटवर गिऱ्हाईक जे देतो त्यात स्टीमचं 5 टक्के आणि बहुतेक गेमच्या बाबतीत गेमवाल्यांचं 10 टक्के शुल्क असतं. अगदी स्वस्त कार्डांवर तर किमान शुल्कामुळे याहून जास्त वाटा जातो. उरलेले पैसे स्टीमच्या वॉलेटमध्येच राहतात, बँकेत काढता येत नाहीत. 'मी गेम खेळून कमावतो' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. ती कमाई नाही, पुढच्या खरेदीतली सूट आहे.

चुकलं ते तुझ्या एका वाक्यात. 'चित्रच आहे ते, मार्केटमध्ये दुसरं मिळेल.' त्याने प्रश्न विचारला होता एका शब्दाचा. त्या शब्दाला 'हो रे, सेलच्या गडबडीत सगळी एकदम टाकली, तुझं वेगळं काढायचं लक्षातच आलं नाही' असं उत्तर दिलं असतंस तर तो बहुतेक थोडा नाराज झाला असता आणि विषय तिथेच संपला असता. तू त्याला सांगितलंस की त्याने दिलेल्याची किंमत मार्केट ठरवतं.

एक काम कर. स्टीममध्ये तुझी इन्व्हेंटरी हिस्टरी उघड आणि मागे मागे जात त्या दिवसापर्यंत पोच. नेहमीच्या ट्रेडमध्ये दोन्ही बाजू दिसतात, आलेल्या वस्तूंपुढे अधिकचं चिन्ह आणि गेलेल्यांपुढे वजाचं. त्या दिवशीच्या नोंदीत मित्राचं नाव असेल, तारीख असेल, अधिकच्या चिन्हापुढे ते कार्ड असेल. वजाच्या ओळीत काहीच नसेल. फॉइल कार्डाला साध्यापेक्षा जास्त भाव येतो हे त्यालाही माहीत होतं. तोही सेलमध्ये गेम घेतच असेल. तरी त्याने ते मार्केटला न लावता तुझ्याकडे पाठवलं. मार्केटमधून आलेलं दुसरं कार्ड दिसायला अगदी तेच असेल, पण त्याच्यामागे ही नोंद नसेल.

एवढं असूनही, नुसत्या कार्डावरून चार वर्षांची मैत्री एका दिवसात तुटली हे मला पटत नव्हतं. मग तुझ्या पत्रात शेवटाकडे तू जाता जाता विचारलेलं वाक्य पुन्हा वाचलं. गेले काही महिने तू रात्रभर प्रोग्रॅम लावून गेम चालू ठेवतोस.

त्या सगळ्या रात्री तुझ्या मित्राच्या पडद्यावर काय दिसत होतं याचा विचार केलास का? स्टीमच्या फ्रेंड लिस्टमध्ये तुझ्या नावाखाली तू कुठला गेम खेळतोयस ते दिसतं. तू झोपलेला होतास हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला दिसत होतं ते असं: माझा मित्र रोज रात्री खेळतोय, कधी हा गेम, कधी तो, माझ्याशिवाय. मला बोलावत नाही. मी मेसेज टाकला तर उत्तर सकाळी येतं. तू एखाद्या गेमचं कौतुक त्याच्याकडे कधी केलं नाहीस, कारण तू तो खेळलाच नव्हतास. त्याला मात्र तुझ्या नावापुढे त्या गेमचे तासांवर तास साठलेले दिसत होते. असे काही महिने गेल्यावर त्याने तुझी इन्व्हेंटरी उघडली आणि कार्ड दिसलं नाही.

हा माझा अंदाज आहे, त्याच्या मनात मी शिरलेले नाही. पण अंदाज बरोबर असेल तर कार्ड हे त्याला फक्त शेवटचं निमित्त मिळालं. 'आपण दोघं मिळून खेळायचो ते आता याला नको आहे' असं त्याने आधीच धरलं असेल, आणि तुझं ते वाक्य म्हणजे त्याला त्याची कबुली वाटली असेल. तुझ्याशी न बोलता मनात असं साठवत राहणं हा त्याचाही दोष आहे, आणि कधीतरी तू त्याला ते म्हणूही शकतोस. आत्ता नको.

म्हणून पहिल्यांदा त्याला लिहायचंय ते हे. दुसऱ्या अ‍ॅपवर लिही, कारण तिथलं दार त्याने उघडं ठेवलंय आणि ते चुकून राहिलं असेल असं मला वाटत नाही. लांबलचक नको. साधारण असं: 'तू दिलेलं कार्ड मी विचार न करता विकलं आणि वर ते चित्रच आहे म्हणालो. ते बोलायला नको होतं. अजून एक सांगायचंय. गेले काही महिने रात्री मी ऑनलाइन दिसत होतो तेव्हा खेळत नव्हतो, कार्डांसाठी प्रोग्रॅम चालू ठेवून झोपलेला असायचो. तुला टाळून दुसऱ्या कुणाबरोबर खेळत नव्हतो.' शब्द तुझे वापर. 'पण' नको, 'तुझंही' नको, आणि तू कार्ड किती किमतीला परत घेणार आहेस हे तर अजिबात नको.

आणि कार्ड त्याला पाठवू नकोस. तू नेमकं तेच करायच्या विचारात आहेस, म्हणून स्पष्ट सांगते. एक तर यादीतून काढलेल्या खात्यावरून, काही न बोलता, अचानक एक महागडं कार्ड ट्रेड ऑफरमध्ये आलं तर कुठलाही जाणता खेळाडू 'याचं खातं कुणीतरी पळवलं' असंच समजेल. आणि समजा त्याने ओळखलं की तूच आहेस, तरी भेट परत करण्याचा अर्थ तुझं-माझं फिटलं असा होतो. त्याने कार्ड परत मागितलेलं नाही. ते तुझ्याकडे राहावं एवढीच त्याची इच्छा होती.

घ्यायचंच असेल तर स्वतःसाठी घे. घाईने चढ्या भावाने नको. मार्केटवर तुला परवडेल त्या किमतीची बाय ऑर्डर लावून ठेव, त्या भावाला कुणी विकायला काढलं की कार्ड आपोआप तुझ्या इन्व्हेंटरीत येईल. सेलच्या दिवसांत लोक तुझ्यासारखेच भराभर कार्डं काढतात, तेव्हा भाव उतरायची शक्यता असते. आल्यावर ठेव. लेव्हल 10 झाली असेल तर प्रोफाइलवर शोकेस, म्हणजे आवडीच्या वस्तू मांडायची जागा, मिळते, तिथे लाव वाटलं तर. त्याचा बॅज करू नकोस आणि ते मोडून जेम्स, म्हणजे स्टीमवरचे डिजिटल खडे, तर मुळीच करू नकोस. जेम्स झालेल्या कार्डाचं पुन्हा कार्ड होत नाही.

राहिला तो प्रोग्रॅम. बंद कर. मित्राचं कारण बाजूला ठेवलं तरी त्यात फायदा फारसा नाही. एका गेममधून किती कार्डं मिळायची ते ठरलेलं असतं. तेवढी मिळून गेली की हजार तास चालू ठेवलास तरी आणखी एक येत नाही. पुढची बूस्टर पॅकं तर तू खेळलास की नाही यावर अवलंबूनच नसतात. इतर लोक त्या गेमचे बॅज बनवतात तेव्हा ती वाटली जातात आणि तुला आठवड्यातून एकदा लॉगिन केलेलं पुरतं. शिवाय अशा बऱ्याच प्रोग्रॅमना तुझं लॉगिन द्यावं लागतं. तू दिलं असशील तर लिंकसाठी सांगितलेली सगळी काळजी इथेही घे, पासवर्ड बदलण्यापासून.

नुसता चालू ठेवलेला गेम ही गोष्ट एका माणसापुरती राहत नाही, हेही तुला माहीत असावं. काही लोकांनी केवळ कार्डांसाठी नावापुरते गेम तयार केले, त्यांच्या हजारो प्रती स्वतःच्या बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालणाऱ्या, खात्यांना वाटल्या, ते बॉट गेम उघडून बसायचे आणि मिळालेली कार्डं मार्केटवर विकली जायची. 2017 च्या मे महिन्यात व्हॉल्व्हने त्यावर उपाय केला. नवा गेम खरे लोक खेळताहेत अशी खात्री पटेपर्यंत त्याची कार्डं द्यायचीच नाहीत, आणि पटली की आधी खेळलेल्यांनाही त्यांच्या वेळेची कार्डं द्यायची. त्याची झळ प्रामाणिक छोट्या गेमनाही बसते, त्यांच्या खेळाडूंना कार्डांची वाट बघावी लागते. तू त्या टोळ्यांसारखं काही केलेलं नाहीस. पण तुझ्याकडचे जे गेम तू रात्री नुसते उघडून ठेवलेस त्यातला एखादा तरी खेळून बघ. ज्याने तो बनवला त्याने तो खेळण्यासाठी बनवलाय, आणि त्यातल्या पात्रांना तू फक्त कार्डावर पाहिलंयस.

मित्राचं उत्तर लगेच येईल असं धरून बसू नकोस. मेसेज वाचलेला दिसला आणि उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पाठपुरावा नको, तुमच्या ओळखीतल्या कुणाला मध्ये घालणं तर नकोच. काही आठवड्यांनी एकदा साधी चौकशी कर, खुशालीची. त्यालाही उत्तर नाही आलं तर मग त्याचा निर्णय झालेला आहे असं समज आणि त्याला त्रास देऊ नकोस.

उत्तर आलं तर पहिल्याच दिवशी कार्डाचा विषय पुन्हा काढू नकोस. त्याला विचार, कुठला गेम खेळूया. जो तो सांगेल तो खेळ, त्यात कार्डं असोत वा नसोत.

— तुझी ताई